नोंद क्रमांक दोनशे चौदा

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. काट्यावर होते पार्सल क्रमांक दोनशे चौदा.

गुलाम रसूल मिस्त्रींनी खोक्यावरचा हात उचलला आणि आकडे स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. श्वासाने काटा हलत नाही, हे त्यांना ठाऊक होते; पण पंचेचाळीस वर्षे तांब्याची तार तोलून अंगात मुरलेली ती सवय होती. आकडे दोनदा लुकलुकले आणि थांबले. दोन किलो सातशे ऐंशी ग्रॅम. मग त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि खोक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीतला वजनाचा आकडा वाचला. चार किलो चारशे दहा.

पार्सल आणणारा मडिवाळप्पा हेल्मेट काखेत धरून काउंटरपुढे उभा होता. पन्नाशीला टेकलेला, मूळचा उदगीरचा. गेले बावीस महिने एका कुरिअर कंपनीच्या वतीने तोच या रस्त्यावर पार्सले वाटत असे.

"चाचा, ओटीपी सांगा," तो म्हणाला. "अजून एकेचाळीस नग वाटायचे हायत."

मिस्त्रींनी ओटीपी सांगितला नाही. त्यांनी खोके खाली घेतले, काट्याची थाळी फडक्याने पुसली, खोके आधी उभे ठेवून पाहिले, मग आडवे. काटा आपल्या शब्दावरून हलला नाही.

"एक किलो सहाशे तीस ग्रॅम कमी भरून राहिलं, आप्पा."

"चिकटपट्टी बघा की. कुठं फाटली हाय? कुठं दुसरी लावली हाय?"

पट्टी फाटलेली नव्हती, हे मिस्त्रींनी आधीच पाहिले होते. पण पट्टी वाफेवर धरून सोडवता येते आणि पुन्हा बसवता येते, हेही त्यांना माहीत होते. जळालेल्या मोटारीचे आवरण असेच सोडवून, आतली तार बदलून, वरून जसेच्या तसे बसवणारे कारागीर त्यांनी पाहिले होते. बाहेरून शाबूत दिसणारी वस्तू आतून शाबूत असते, यावर त्यांचा विश्वास तरुणपणीच उडाला होता.

विष्णुपुरी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे मोटार वाइंडिंगचे दुकान पार्सलांचे ठाणे कसे झाले, त्याला एक कारण होते. धरणापलीकडच्या वाड्यावस्त्यांवर कुरिअर जात नसे. तिथला पत्ता टाकला की मोबाइलवर ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही’ अशी ओळ येई. मात्र त्या वाड्यांतल्या प्रत्येक घराची पाण्याची मोटार कधी ना कधी जळत असे आणि ती भरून घ्यायला माणूस मिस्त्रींकडेच येत असे. तेव्हा लोक पत्ता टाकू लागले : मार्फत गुलाम रसूल, मोटार वाइंडिंग. मोटार न्यायला यायचे आणि पार्सलही न्यायचे. ज्यांना मोबाइलवर मागवता येत नसे, त्यांच्यासाठी मिस्त्री आपल्या फोनवरून मागवून देत.

वजन करण्याची रीत मात्र चार वर्षांपूर्वीची. एका शेतकऱ्याने हौसेने मागवलेल्या मोबाइलच्या डब्यातून फरशीचा तुकडा निघाला. ओटीपी देऊन झाला होता. ओटीपी दिला म्हणजे माल मिळाला, असे कंपनी म्हणाली, आणि पुढे कोणी ऐकून घेतले नाही. तो माणूस निघून गेल्यावर मिस्त्रींनी सहज तो डबा, फरशीसकट, तारेच्या काट्यावर ठेवला. चिठ्ठीवरच्या वजनापेक्षा एकशे नव्वद ग्रॅम कमी. म्हणजे डबा उघडण्याआधीच खोटेपणा कळला असता. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमनचे प्रशिक्षण घेताना त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवले होते की, तारेला हात लावण्यापूर्वी टेस्टर लावावा. त्यांच्या मते काटा हा पार्सलाचा टेस्टर होता.

त्या दिवसापासून दुकानात एक नोंदवही आली. त्यात क्रमांक, तारीख, कोणाचे, चिठ्ठीवरचे वजन, काट्यावरचे वजन, फरक आणि शेवटी आणणाऱ्याची सही, असे रकाने त्यांनी पट्टीने आखले. भिंतीवर निळ्या रंगात सूचना लिहिल्या : आधी वजन, मग ओटीपी. खोके फोडताना मोबाइलवर चित्रण करावे. कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नये, अ‍ॅपमध्येच पाहावा. पैसे मिळण्यासाठी कोणी कोड स्कॅन करायला सांगितल्यास फोन ठेवून द्यावा. खाली सही, जशी मोटारीच्या हमीपत्रावर असते तशी. या सूचनांमुळे चार वर्षांत नऊ लबाड्या दारातूनच परत गेल्या होत्या. आसपासच्या वाड्यांत म्हण पडली होती की, मिस्त्रीच्या काट्यावरून उतरलं ते खरं.

आजचे पार्सल होते ज्ञानोबांचे. वाडीत त्यांना ग्यानोबा म्हणत. त्यांच्या पत्नी गुणाबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, पण उठणे जमले नाही. पाठीला जखम होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली. छोटासा पंप आळीपाळीने तिच्यात हवा भरतो आणि सोडतो, म्हणजे एका जागी भार राहत नाही. शहरातल्या दुकानात ती दुप्पट किमतीला होती. ती मिस्त्रींनी स्वतः, तीन विक्रेते तपासून मागवली होती. तोवर सत्तरीचे ग्यानोबा दर दोन तासांनी बायकोला कुशीवर वळवत होते.

"उघडून बघा ना, चाचा," मडिवाळप्पा म्हणाला. "आत काय हाय ते दिसलच."

"ओटीपीबिगर उघडू देशील?"

कंपनीचा नियम तसा नव्हता.

"आणि ओटीपी दिल्यावर आत विटेचा तुकडा निघाला, तर भरून देणार कोण? तू?"

तेव्हा मडिवाळप्पाने हेल्मेट काउंटरवर ठेवले. आवाज खाली आणून त्याने जे सांगितले, ते एवढेच होते की, त्याच्या नावावर दोन लाल शेरे आहेत. एक कुत्र्याने फाडलेल्या पाकिटाचा. दुसरा याच दारातला, दसऱ्याच्या सुमारास परत पाठवलेल्या उशांच्या जोडाचा. पार्सलाशी छेडछाड केल्याचा तिसरा शेरा लागला की आयडी बंद होतो, आणि आयडी बंद म्हणजे काम बंद. पार्सल परत करायचे तर खुशाल करावे. फक्त कारण वेगळे घालू द्यावे.

"‘गिऱ्हाईक घरी न्हाई’ असं टाकतो. तुमचं बी काई जात न्हाई, माझं बी वाचतं."

मिस्त्रींच्या मनातला उरलासुरला विचार तिथे संपला. प्रामाणिक माणूस खोटे कारण सुचवत नाही. शिवाय उशांचा जोड. त्यांनी वही मागे उलटली. नोंद क्रमांक एकशे एकाहत्तर : चिठ्ठीवर तीन किलो सहाशे, काट्यावर एक किलो चारशे वीस. आणणारा तोच. एकाच फेजवर दोनदा फ्यूज जळाला तर दोष फ्यूजचा नसतो; पुढे कुठेतरी तार उघडी असते.

त्यांनी लाल शाईचा पेन काढला. नोंद क्रमांक दोनशे चौदा. फरक एक किलो सहाशे तीस ग्रॅम. शेरा : छेडछाड. मग वही फिरवून मडिवाळप्पासमोर ठेवली.

"सही."

एरवी मडिवाळप्पा वळणदार सही करत असे. मराठी अक्षरांना थोडा कानडी गोलावा येई. मिस्त्री रोज त्याला अर्धा कप चहा ओतत आणि कप अर्ध्यावर आला की तो तळहात आडवा धरून म्हणे, साकु. पुरे. आज त्याने वहीकडे पाहिले, पेनकडे पाहिले आणि हेल्मेट डोक्यात घातले.

"ह्यावर सही न्हाई करणार मी," तो म्हणाला. खोके गाडीवर मागे बांधताना त्याने दोरीला एक गाठ जास्त मारली, आणि गेला. सहीचा चौकोन कोरा राहिला.

तिसऱ्या दिवशी ग्यानोबांचा फोन आला. कुरिअर कंपनीचा माणूस बोलतोय असे सांगून कोणीतरी त्यांना म्हणाला होता की, तुमची गादी अडकली आहे. पाच रुपये भरा आणि पाठवतो ते अ‍ॅप फोनमध्ये टाका, म्हणजे संध्याकाळी गादी घरपोच. ग्यानोबा म्हणाले होते, आधी मिस्त्रीला विचारतो. त्यावर त्या माणसाने शिवी देऊन फोन ठेवला.

मिस्त्रींनी बोटांवर मोजले. गादी परत गेली हे ठाऊक असलेली माणसे तीन : आपण, ग्यानोबा आणि मडिवाळप्पा. आपण सांगितले नाही. ग्यानोबांचा फसवणाऱ्याशी संबंध काय? राहिला एक.

त्या दुपारी त्यांनी कंपनीकडे सविस्तर तक्रार केली. वहीच्या दोन्ही पानांची छायाचित्रे जोडली. ‘सदर इसमाच्या हातून दोनदा वजन घटले असून ग्राहकाची माहितीही बाहेर गेल्याचा दाट संशय आहे’ असे वाक्य त्यांनी तीनदा वाचून पाहिले आणि मगच पाठवले.

दुकानामागच्या स्वयंपाकघरात वहिदा तांदूळ निवडत होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला रुपयाचे नाणेदेखील वाजवून घेताना पाहिले होते. त्यांना सगळा प्रकार सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले की, मडिवाळप्पाचे म्हणणे काय होते.

"म्हणणं काय असणार? काटा खोटं बोलत न्हाई."

"काटा बोलतच न्हाई, जी," वहिदा सुपावरून मान वर न करता म्हणाल्या. "बोलता तुम्ही."

सतरा तारखेला पार्सले घेऊन शिवम नावाचा नवा माणूस आला. मडिवाळप्पाचा आयडी बंद झाला, तो खोली सोडून गावाकडे गेला, असे त्याने सांगितले. मिस्त्रींना वाईट वाटले नाही. जमिनीत पुरलेल्या केबलमधला दोष नेमक्या जागी सापडला की जसे स्वस्थ वाटते, तसे वाटले.

परतीचे पैसे आल्यावर त्यांनी तीच गादी मुद्दाम दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवली. मंगळवारी, २५ तारखेला, ती शिवमच्या गाडीवरून आली. ग्यानोबा सकाळपासून दुकानात येऊन बसले होते. गुणाबाईंची जखम रुपयाएवढी होती, ती आता बांगडीएवढी झाली होती, हे त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवले आणि हात लगेच धोतरावर पुसला.

मिस्त्रींनी खोके काट्यावर ठेवले. दोन किलो सातशे ऐंशी.

त्यांनी चिठ्ठी वाचली. चार किलो चारशे दहा.

"ह्यातलं बी काढलं का कुणी?" ग्यानोबांनी विचारले.

मिस्त्रींनी चिठ्ठी पुन्हा वाचली. विक्रेता दुसरा. आणणारा दुसरा. आणि फरक एक किलो सहाशे तीस ग्रॅम, ग्रॅमही इकडे-तिकडे नाही. चोर इतका नेमका नसतो. दोन चोर तर मुळीच नसतात.

त्यांनी आधी काट्यावर संशय घेतला. कपाटातून वैधमापन खात्याचा शिक्का असलेली पितळी मापे काढली आणि एकेक करून थाळीवर ठेवली. काटा बरोबर होता. तेव्हा त्यांनी, चार वर्षांत प्रथमच, चिठ्ठीवर संशय घेतला. वजनाच्या आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी तीन आकडे होते, ज्यांच्याकडे त्यांनी कधी लक्ष दिले नव्हते : ४५, ३५, १४. त्यांनी पोलादी टेप काढली. खोके पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, पस्तीस रुंद, चौदा उंच होते.

पेन्सिल घेऊन त्यांनी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर गुणाकार मांडला. बावीस हजार पन्नास. त्याला चिठ्ठीवरच्या चार पूर्णांक एक्केचाळीसने भागले. उत्तर आले पाच हजार. बाकी काही उरली नाही.

ते त्या आकड्याकडे पाहत राहिले. खऱ्या वस्तूचे वजन असे पूर्ण भागले जात नाही. कुठे ना कुठे अपूर्णांक चिकटून राहतोच. हे वजन कोणी केलेलेच नव्हते. ते खोक्याच्या आकारावरून काढले होते. चार वर्षे ज्या आकड्याला साक्षीदार धरून त्यांनी माणसे तपासली, तो आकडा काट्यावर कधी चढलाच नव्हता. लहान जड डबे येत होते तोवर चिठ्ठीवर खरे वजन येत होते आणि ते जुळत होते. फुगीर आणि हलके असे खोके आधी एकदाच आले होते. उशांचे.

त्यांनी शिवमला ओटीपी सांगितला. खोके उघडले, चित्रण केले. गादी होती, नळ्या होत्या, पंप होता. पंप सुरू करून त्यांनी सवयीने त्याला कान लावला. घरघर नव्हती. बारीक, समाधानी आवाज होता.

गादी बांधून देताना त्यांनी ग्यानोबांना त्या फोनबद्दल पुन्हा विचारले. फोन आला कसा, याचा उलगडा अजून झाला नव्हता. ग्यानोबा कानाची पाळी चोळू लागले.

"पुतण्यानं नंबर शोधला व्हता इंटरनेटवर. गादी काहून परत गेली, इचारायला. त्यो नंबर लागला न्हाई, मंग घडीभरानं तिकडूनच फोन आला." मग भिंतीकडे बोट करून ते म्हणाले, "तुमी लिव्हलेलं हाय तितं, नंबर शोधू नका म्हणून. तवा तुमाला सांगायची लाज वाटली, मिस्त्री. पर अ‍ॅप न्हाई टाकू दिलं मी."

मिस्त्री म्हणाले, बरं केलंत. ग्यानोबा गादी खांद्यावर घेऊन बसकडे गेले. गुणाबाई त्या रात्री किती झोपल्या ते ग्यानोबांनी दुसऱ्या दिवशी फोन करून कळवले, आणि मिस्त्रींना आनंद झाला. पण तो आनंद त्यांना पुरता घेता आला नाही.

कुरिअरच्या गोदामात हरिओम नावाचा तरुण व्यवस्थापक होता. मिस्त्रींनी पुठ्ठ्यावरचे गणित त्याच्यापुढे ठेवले, तेव्हा त्याला हसू आले, पण उपहासाचे नव्हे.

"हाव, चाचा. खोकं गाडीत जागा किती खातं, त्यावर वजन धरतात. खरं वजन आणि जागेचं वजन, त्यात जे जास्ती ते चिठ्ठीवर. कापसाचं पोतं आणि लोखंडाचं पोतं ट्रकवाल्याला सारखंच की."

"हे मडिवाळप्पाला माहीत होतं?"

"त्याला कोण सांगणार? त्यानं नग मोजायचे आणि वाटायचे."

मिस्त्रींनी तक्रार मागे घ्यायची आहे असे सांगितले. हरिओमने संगणक त्यांच्याकडे वळवला. तक्रार करण्याचे बटण होते, तक्रारीत भर घालण्याचे बटण होते. मागे घेण्याचे नव्हते. शेरा वरून लागतो आणि वरूनच निघतो. निघालेला त्याने तरी पाहिला नव्हता. मडिवाळप्पाच्या जागी माणूसही भरून झाला होता.

मिस्त्रींनी तरीही अर्ज लिहिला. खोक्याची मापे, गुणाकार, भागाकार, काट्याच्या तपासणीची तारीख, आपल्या निष्कर्षातली चूक, असे सर्व क्रमाने मांडून तीन प्रती केल्या आणि एका प्रतीवर पोच घेतली. पाच दिवसांनी मोबाइलवर एका ओळीचे उत्तर आले : आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. खाली पाच चांदण्या होत्या आणि सेवा कशी वाटली, असे विचारले होते.

गुरुवारी, ६ मार्चला, पहाटेची सहेरी करून मिस्त्री मुखेडमार्गे उदगीरच्या बसमध्ये बसले. रमजानचा पाचवा रोजा होता. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत नोंदवही होती. वहिदा दारापर्यंत आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या की, वही न्यायची तर न्या, पण आधी नमस्कार करा आणि मग वही काढा.

पत्ता हरिओमने दिला होता. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मडिवाळप्पाच्या मेहुण्याचे इस्त्रीचे दुकान होते. मडिवाळप्पा कोळशाची इस्त्री शर्टाच्या कॉलरवरून फिरवत होता. मिस्त्रींना पाहून त्याचा हात थांबला नाही. कॉलर पुरी झाल्यावरच त्याने इस्त्री उभी ठेवली.

"या, चाचा," तो म्हणाला. "काटा आणला न्हाई जणू?"

मिस्त्रींनी नमस्कार केला. मडिवाळप्पाने स्टूल पुसून पुढे सरकवले आणि समोरच्या टपरीवर दोन बोटे दाखवून चहा सांगितला, मग काहीतरी आठवून त्याने विचारले, "रोजा हाय का?" मिस्त्रींनी मान हलवली. त्याने दोन बोटे खाली घेतली. स्वतःसाठीही मागवला नाही.

मिस्त्री बोलू लागले. बसमध्ये जुळवलेली वाक्ये होती. ती क्रमाने येत होती. चिठ्ठीवरचे वजन दोन प्रकारचे असते. आपण ते एकाच प्रकारचे धरले. खोक्याची लांबी इतकी, रुंदी इतकी. त्यांनी वही उघडून पुठ्ठ्यावरचे गणित दाखवले. मडिवाळप्पा वाकून पाहत होता, पण गणिताकडे नाही. ज्या बोटाने मिस्त्री ओळी दाखवत होते, त्या बोटाकडे. ते एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरत होते.

"साकु, चाचा," तो म्हणाला. "साकु."

मडिवाळप्पाने शर्टाची घडी घातली.

"बायकोनं विचारलं मला," तो घडीवरून हात फिरवत म्हणाला. "चाचानं चोर म्हटलं का तुम्हाला? म्हटलं, न्हाई. काट्यानं म्हटलं. चाचा रोज चहा पाजतात."

मिस्त्रींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. आयडी सुरू होत नाही, तीन प्रती दिल्या, पोच घेतली, हे त्यांनी सांगितले. मडिवाळप्पाला ते हरिओमकडून कळले होते. दुसऱ्या कंपनीत विचारावे काय, असे मिस्त्री म्हणाले. तर तिथे जुन्या कंपनीतला शेरा आधी पाहतात, असे तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे, बसची वेळ सांगावी तसे. इथले काम बरे होते. लोक नग मोजून कपडे देतात आणि नग मोजून नेतात. वजनाचा संबंध येत नाही.

"वही कशाला आणली?"

"नोंद दुरुस्त करायला. तुझ्यासमोर."

दोनशे चौदाव्या ओळीवरचा लाल शेरा मिस्त्रींनी पट्टी धरून एका रेघेने खोडला, खालचे वाचता येईल असा. चुकीची नोंद झाकायची नसते, खोडायची असते, असे ते मानत. मग काळ्या शाईने बाजूला खोक्याची मापे लिहिली, त्यावरून निघणारे वजन लिहिले, आणि पेन थांबवला.

"आणि उशांचं?" मडिवाळप्पाने विचारले.

मिस्त्रींनी एकशे एकाहत्तरावी नोंद काढली. तिच्याकडे ते उदगीरपर्यंत तीन वेळा पाहून आले होते. लांबी-रुंदीचा रकाना तेव्हा वहीत नव्हता. ते खोके परत गेले होते आणि उशा मागवणाऱ्याने त्या शेवटी बाजारातून घेतल्या होत्या.

"त्याचं माप घेतलेलं न्हाई, आप्पा. मला खात्री हाय. पण माप न्हाई. न मोजलेलं लिहिता येत न्हाई."

मडिवाळप्पाने त्यांच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर हसू यावे तसे काहीतरी आले आणि तिथेच थांबले.

"मंग तेवढं राहू द्या," तो म्हणाला.

मिस्त्रींनी त्या ओळीच्या समासात लिहिले : माप घेतले नाही. चूक मोजणाऱ्याची. आणि खाली स्वतःची पूर्ण सही केली.

मग पान परत उलटले. मडिवाळप्पाने पाण्याच्या भांड्यात बोटे बुडवली, हात गमछ्याला पुसले, कोरडे झाले की नाही ते पाहिले, आणि तेवीस दिवस कोऱ्या राहिलेल्या चौकोनात, गोलसर कानडी वळणाची, सावकाश सही केली. इस्त्रीतला कोळसा एकदा तडकला. त्याने पेन टोपण लावून परत दिला आणि पुढचा शर्ट फळीवर पसरला.

मिस्त्रींनी टोपण पुन्हा काढले. एकच रकाना भरायचा राहिला होता.

खोक्याच्या मापावरून वजन : ४.४१०. चिठ्ठीवरचे वजन : ४.४१०. फरक : ०.०००.